जबडा दुखला आणि मी वारलो

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, पण चहा सांडू नका. मी एकदा मेलो होतो! इथेच, दहिवलीत, भर दुपारी.

झालं काय, माझा उजवा जबडा ठणकायला लागला. आधी वाटलं दाढ. मग वाटलं कान. मग डोकंच! शेवटी कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि म्हटलं, "एकदाची दाढ काढून टाका."

"कुठली?"

मला सांगता येईना!

त्या म्हणाल्या, "अण्णा, दाढ ठणठणीत आहे. जबड्याचा स्नायू सुजलाय. दुखून दुखून तिथल्या नसा चिडल्यात, जरा ताण पडला तरी बोंब मारतात. आणि बोंब नक्की कुठून येतेय ते मेंदूला कळत नाही. दात आवळून बसता का?"

"छे हो!"

"दिवसभर बोलता कोणाशी?"

बोलणार कोणाशी? आमची ही, मंगल, गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही. मुलगा पनवेलला. पनवेल म्हणजे काय अमेरिका आहे? पण गणपतीपासून त्याचं येणं आज-उद्यावर चाललं होतं, आणि मी आपला रोज गेटाकडे बघत बसायचो. दात आवळूनच बसत असणार.

बाईंनी गोळ्या दिल्या, शेक सांगितला. घरी येऊन गरम फडकं गालाला लावलं, तर ते घसरायला लागलं. मग काय, आपलं डोकं चाललं! पांढरा पंचा घेतला, हनुवटीखालून वर टाळूवर नेला आणि गच्च गाठ मारली. कानात कापसाचे बोळे घातले. गोळी घेतली आणि पोटावर हात ठेवून कॉटवर आडवा झालो.

आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं!

शेजारच्या सुमनवहिनी वालाचं बिरडं घेऊन आल्या. खिडकीतून हाका मारल्या. कानात बोळे, पोटात गोळी, ओ कोण देणार?

मला जाग आली तेव्हा एक बोळा गळून पडला होता आणि ओटीवर ही गर्दी!

"तोंड पन बांधलेलं हाय गं!"

"पन बांधलं कोनी? घरात तर कोन नाय."

"सोताच बांधलं आसंल. लय सरळ मानूस. जाताना पन कुनाला तरास नाय दिला!"

"हात नका लावू रं, पोरगा येऊ दे आदी."

तेव्हाच उठायला हवं होतं. कळतंय हो मला! पण खोटं कशाला बोलू, मंगलच्या तेराव्यानंतर माझ्या घरात एवढी माणसं आलीच नव्हती. एकजण माझ्या जुन्या दुकानाच्या आठवणी काढत होता. फार बरं वाटत होतं. म्हटलं, पडून राहू अजून जरा.

तेवढ्यात वहिनींचा नवरा बबन ओरडला, "परत फोन लागला! पोरगा गाडी घेऊन निघालाय. चौक गावात पोचलाय. लय रडतोय!"

रडतोय? माझ्यासाठी? हुंदका आवरायला दात गच्च आवळले, आणि मेलो! म्हणजे खरोखरच. चिडलेल्याच नसा त्या! जबड्यातून कानात, कानातून मस्तकात अशी कळ गेली की "आई गंऽऽ!" करून मी ताडकन उठून बसलो.

ओटी रिकामी! बिरडं अंगणात, बबन गेटाबाहेर.

वहिनी दाराआडून म्हणाल्या, "अण्णा, तुमी जिवंत हाव?"

"आहे की!"

"मंग आदी सांगायचं ना!"

बबननं चार हात लांबूनच फोन पुढे केला. मुलाला धड बोलता येत नव्हतं.

"बाबा! बाबा, बरे आहात ना?"

"अरे, एकदम ठणठणीत! नुसता जबडा रे!"

कशाला बोललो? कोणी विचारलं होतं एवढं खरं?

"हुश्श! जीवच गेला होता माझा. मग मी इथूनच मागे वळतो बाबा, कामं टाकून आलोय. सवडीनं येतो."

चौक गावापासून दहिवली ती केवढी? अर्धा तास कळ सोसून पडून राहिलो असतो तर पोरगा दारात उभा होता हो!

पण नाही. साधं मरायचं, तेही मला धड जमलं नाही.