पाहुणे येईपर्यंत गोठवायचं नाही

औषध गोठवायचं आणि निर्वात कपाटात त्यातल्या बर्फाची, पाणी होऊ न देता, थेट वाफ करून घालवायची, हे आमच्या कारखान्यातलं सर्वांत संथ काम. बर्फ नेमका कधी संपला हे कुणालाच कळत नसे. म्हणून 'असू द्या' म्हणत यंत्र आणखी अर्धा दिवस चालवायचं. बर्फ संपल्याचं सांगणारा दाबमापक मागता मागता माझे केस पांढरे झाले. शेवटी तो आला, आणि त्याच्यामागून उद्घाटनही आलं.

मापक बसवलेल्या यंत्राची पहिली खेप प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबल्यावरच सुरू करायची, असं संचालकांनी ठरवलं. आणि खेप खरीच हवी. रिकाम्या यंत्राचं उद्घाटन म्हणे अशुभ. तेव्हा कर्करोगाच्या इंजेक्शनच्या कुप्या भरून कपाटात रचल्या. धंतोलीतली इस्पितळं याच औषधासाठी रोज फोन करत होती. पण पाण्यात विरघळलेलं हे औषध फार काळ टिकत नाही. वेळेत गोठवलं नाही, तर सगळी खेप टाकून द्यायची.

पाहुणे दुसऱ्याच एका उद्घाटनात अडकले.

"साहेब, काहून थांबून राहिलो आपण?" यंत्र चालवणाऱ्या बाईंनी विचारलं. खापरखेड्याहून येणाऱ्या या बाई कुणाची भीड ठेवत नसत.

"पाहुणे यायचेत."

"त्यायलेच टोचाचं हाय का हे औषध?"

मी संचालकांना गाठलं.

"बटण तेच दाबतील. पत्रिकेत छापलंय," ते म्हणाले.

"औषधानं पत्रिका वाचलेली नाही."

"तुमचं नेहमी नकारात्मकच असतं."

परत येऊन मी बाईंना यंत्र सुरू करायला सांगितलं. बाहेरच्या हिरव्या बटणाची तार यंत्रापासून काढून एका दिव्याला जोडून घेतली.

पाहुणे दुपारी जेवूनच आले. नारळ फुटला, बटण दाबलं, दिवा लागला, टाळ्या पडल्या. त्यांनी काचेतून आत पाहिलं. कुप्या पांढऱ्याशुभ्र गोठलेल्या.

"इतक्या लवकर?"

"तुमचा हात लागला ना जी," बाई म्हणाल्या.

संचालक कौतुकानं हसले. मी छताकडे पाहिलं.

पुढे मापकाच्या काट्यानं बर्फ संपल्याचं स्पष्ट दाखवलं. खेप वाचली होती. मी धावत जाऊन संचालकांना यंत्रापाशी घेऊन आलो. त्यांनी काट्याकडे आदरानं पाहिलं आणि म्हणाले, "छान. पण असू द्या, आणखी अर्धा दिवस चालवा."