सयाजी हवालदारांचे सहा टोल

घड्याळ मी बिघडवलं, हे आधीच कबूल करतो. म्हणजे घड्याळ बिचारं ठणठणीत होतं. बिघडली ती वेळ.

लढाईच्या दिवसांत सरकारनं सगळ्या मुलखाची घड्याळं एक तास पुढं ढकलली होती. त्याला लोक 'नवा टाइम' म्हणत आणि मनातल्या मनात एक तास वजा करून जुन्या टाइमानं जेवत. पंचेचाळीस साली लढाई संपली आणि घड्याळं पुन्हा एक तास मागं घ्यायचा हुकूम निघाला. कुंडलच्या अलीकडच्या आमच्या ठाण्यात तो दसरा उलटल्यावर पोचला. ठाण्याचा कारकून मी. भर दुपारी स्टुलावर चढलो, काटा धरला आणि एका तासानं मागं घेण्याऐवजी पुढं सारला. असं का केलं म्हणाल, तर तीन वर्षांची सवय! टाइम बदलायचा म्हणजे पुढं न्यायचा, एवढंच हाताला ठाऊक.

आता हे घड्याळ नुसतं भिंतीवरचं नव्हतं. त्याच्याकडं बघून पहारेकरी बाहेरच्या पितळी तासावर टोल द्यायचा आणि त्या टोलांवर अख्खं गाव चालायचं. त्या दिवशी सकाळीच दवंडी झाली होती की आजपासून टाइम बदलला. त्यामुळं टोल खऱ्या वेळेच्या दोन तास पुढं धावू लागले तरी कुणी हूं की चूं केलं नाही. मास्तरांनी शाळा सोडली. पोरं 'लढाई जिंकली' म्हणून ओरडत घरी गेली.

त्या वेळी ठाण्याचा कारभार सयाजी हवालदारांकडं होता. मिशा पांढऱ्या, छाती पहिल्या लढाईतली, पेन्शनीला चार महिने उरलेले. त्यांचा जीव एकाच वस्तूत होता, ती म्हणजे वर्दीचं बुक. कुणी धावत येऊन 'पळा, पळा, असं असं झालंय' म्हणून सांगायचं, ती वर्दी. सरकारी बुकात तिच्यासाठी एकच रकाना होता. हवालदारांनी पट्टीनं रेघ मारून दोन केले होते. एकात 'वर्दी काय आली', दुसऱ्यात 'प्रत्यक्षात काय निघालं'.

फावल्या वेळात मी ते बुक वाचत बसे. 'वर्दी : दोन दरोडेखोर छत्री घेऊन आले. प्रत्यक्षात : कोर्टाचा बेलीफ व सावकाराचा वसुली कारकून.' 'वर्दी : सासऱ्याचा जीव घेत आहेत. प्रत्यक्षात : सासरा कणगीत दडला होता, बेलिफाने झाकण उघडले.' मग एकदा उलटीच : 'वर्दी, खुद्द बेलिफाची : आक्काताईने घरात कोंडले. प्रत्यक्षात : कोंडले, परंतु आत पिठले-भाकरी ठेवली होती. बेलिफाने ती खाल्ली.' बेलीफ दाराशी आला की गावाला 'बेलीफ आला' म्हणायची लाज वाटे. दरोडा म्हटलं की पोलीस तरी येतो. हवालदारही दर वेळी दरोडा असल्यासारखेच पट्टा आवळून निघत. पण बुकात खोटी ओळ? छे! त्यांनी ती कधी लिहिली नाही.

तर त्या दुपारी आभाळ असं दाटलं होतं की दिवस कुठं आहे ते दिसेना. ठाण्याचे पाच टोल पडून गेले आणि बयाबाई पदर सावरत आत घुसली.

"हवालदार, पळा! रंगीच्या घरात चोर शिरायलाय! मशीन न्हेतोय!"

"शिरलाय का शिरायलाय?"

"दारात बसलाय."

"बसलेला चोर मी अजून बगितला न्हाई," म्हणत हवालदार उठले, पट्टा आवळला आणि चालू लागले.

रंगूबाई म्हणजे गावची शिंपीण म्हणा ना. नवरा पलटणीत, इटलीत. त्यानं लढाई जिंकली, पण त्याच्या पगाराची मनिऑर्डर वाटेत कुठं तरी हरली. शिलाई मशीन हप्त्यावर घेतलेलं. शेवटचे हप्ते थकले, दुकानदार कोर्टात गेला, आणि मशीन उचलून आणायचा कागद निघाला. दिवाळी बारा दिवसांवर. अर्ध्या गावाचं कापड तिच्या घरात. हे शिवून झालं की सगळे हप्ते फिटणार होते. आणि मशीन गेलं तर हप्तेही गेले, दिवाळीही गेली. त्यात गंमत अशी की दुसऱ्या दिवसापासून कोर्टाला दिवाळीची सुट्टी. म्हणजे आज नेलं तर नेलं.

हवालदार पोचले तेव्हा ओट्यावर बेलीफ बसला होता. सांगलीकडचा जैन गृहस्थ, नाव श्रेणिक. गोरा, सडपातळ, मांडीवर कागदांची पिशवी आणि तिच्यावर फडक्यात बांधलेला डबा. दार आतून बंद, आणि आत मशीन खडखड, खडखड, एखादी आगगाडी मुक्काम गाठायला निघावी तसं चाललेलं.

"रामराम, हवालदार," श्रेणिक म्हणाला. "कायद्यानं मला दार फोडता येत नाही. बाई उघडत नाहीत. मोटारही आज भलतीच उशिरा आली बघा. तीनला पोचते म्हणाले, उतरलो तर पाचचे टोल."

"मोटार हाय. चालायचंच," हवालदार म्हणाले. मग कागद घेतला आणि डोळ्यांपासून हातभर लांब धरून पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचला. अंगण भरलेलं होतं. वाचून झाल्यावर मागच्या बायकांना ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा वाचला. पण कागद खरा होता. हवालदारांचा चेहरा जड झाला. त्यांनी दारावर थाप मारली.

"रंगूबाई, कागद सरकारी हाय. दार उघडावं लागंल."

"उघडते की, आबा. एवढी बाही जोडून हूं द्या."

"मगाशी गळा म्हणत होत्या," श्रेणिक हताशपणे म्हणाला.

"आवं, गळा झाला, आता बाही!" आतून आवाज आला. "बिनबाहीचा सदरा न्हेतायसा का सायबाला?"

अंगण खदखदून हसलं. श्रेणिकलाही हसू आलं, पण त्यानं ते पिशवीत घातलं. हवालदार मात्र हसले नाहीत.

"रंगू," ते हळू म्हणाले, "मला लबाडी कराय लावू नगं, बाय. उघड."

मशीन थांबलं. एवढा वेळ जो आवाज नकोसा झाला होता, तो थांबल्यावर साऱ्या अंगणाला सुतक पडलं. कडी सरकली. दार उघडलं. रंगूबाई तोंडात दोरा धरून उभी होती आणि डोळे तांबडे. श्रेणिकनं चपला काढल्या, कपाळाला आठी घातली आणि उंबऱ्यावरून आत टाकायला पाय उचलला.

ठण्ण!

एक. दोन. तीन. पाय तसाच वर. चार. पाच. सहा.

श्रेणिकनं पाय मागं घेतला. दिवस मावळल्यावर बेलिफानं कुणाच्या घरात शिरायचं नाही, हा कायदा. मागं एकदा असाच दिवेलागणीला शिरला तेव्हा साहेबांनी त्याची खरडपट्टी काढली होती.

"हवालदार, सहा वाजले?"

हवालदार वेशीकडं बघत होते. सहा वाजले म्हणे, आणि वेशीतून एकही जनावर परतलेलं नाही. रंगूबाईच्या कोंबड्या उकिरड्यावर खुशाल उकरतायत. चाळीस वर्षं दिवस बघितलेला माणूस! काय ते त्यांना तिथंच कळलं. पण त्यांना विचारलं होतं तेवढ्यालाच त्यांनी उत्तर दिलं.

"ठाण्याचं टोल सा पडलं."

श्रेणिकनं तसंच लिहिलं, 'सहाचे टोल पडल्याने आत प्रवेश केला नाही,' खाली सही केली आणि कागद पिशवीत घातला. मग डब्याकडं बघून सुस्कारा सोडला. दिवस मावळल्यावर तो घास घेत नसे, घराण्याचा नेम.

"आज उपासच," तो म्हणाला.

इथं हवालदारांना पहिल्यांदा घाम फुटला. मशीन वाचलं हे खरं, पण एका नेमाच्या माणसाला आपल्यापायी उपाशी झोपवायचं? ते त्याला मोटारीपर्यंत पोचवायला म्हणून निघाले आणि पाराजवळ थबकले.

"डबा सोडा."

"दिवस मावळला की, हवालदार."

"मावळल्याला तुमी डोळ्यांनी बगितला?"

"पण टोल..."

"टोल ठाण्याचं. दिवस देवाचा."

आणि देवही त्या दिवशी हवालदारांच्या बाजूनं होता असं दिसतं. वारा सुटला, ढग फाटले, आणि डोंगरावर दोन कासरे दिवस लख्ख उभा राहिला. श्रेणिकनं दिवसाकडं बघितलं, ठाण्याकडं बघितलं, मग हवालदारांकडं. हवालदार मिशीचं टोक नीट करत होते. परत फिरायला वेळ भरपूर होता. लांबून मशीन पुन्हा खडखडायला लागलेलं ऐकू येत होतं.

श्रेणिकनं पिशवी उघडली. कागद खाली सारला आणि डबा वर काढला.

"कागदावर सही झाली," तो म्हणाला. "आता दशमी खाल्ली पाहिजे. तुम्ही घ्या एक."

दोघांनी मिळून डबा संपवला.

परत आल्यावर हवालदारांनी घड्याळाकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी उभा होतो तिथं बारीक झालो. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता काटा धरला आणि दोन तासांनी मागं घेतला. त्या दिवशी आमच्या गावात संध्याकाळचे सहा दोनदा वाजले. मग त्यांनी बुक ओढून लिहिलं : 'वर्दी : मशीन चोरीस जात आहे. प्रत्यक्षात : बेलीफ. ठाण्याचे टोल सहा पडल्याने परत गेले.' मी तीनदा वाचलं. खोटा शब्द एक नव्हता.

दिवाळीच्या आधीच रंगूबाईनं सगळे हप्ते फेडले. मनिऑर्डर नंतर आली. नवरा तिच्याही नंतर आला. सुट्टीनंतर श्रेणिक कागद फिटल्याची नोंद करायला आला, तो घरून निघताना दोन डबे घेऊनच.

पेन्शनीच्या दिवशी हवालदार बुक माझ्या हवाली करत होते. माझ्या मनात चार महिने साठलेलं शेवटी बाहेर पडलं. म्हटलं, "आबा, उभा जन्म तुम्ही वाकडी रेघ मारली नाहीत. त्या दिवशी चूक माझी, पण ती तुम्हाला जागच्या जागी कळली होती. मग गप्प का राहिलात? दया आली? का कायद्यापेक्षा मोठं काही असतं असं वाटलं?"

हवालदारांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"आवं कारकून, मशिनीवर सदरा माजा हुता, आन् एकच बाही जोडून झालती."