नसीम बाईंचा आवाज लहान नव्हता

फोन आला तेव्हा मी शेंद्र्याला कंपनीत होतो. चहाची सुट्टी होती. स्क्रीनवर नसीम बाईंचं नाव दिसलं आणि खरं सांगतो, मी तो लगेच उचलला नाही. गेलं वर्षभर त्यांचा फोन आला की माझं असंच व्हायचं. दोन-तीन रिंग जाऊ द्यायच्या, काय बोलायचं ते मनाशी जुळवायचं आणि मग "हां, बाई" म्हणायचं. त्या दिवशी पलीकडून बाईंची धाकटी बहीण, फरीदाआपा बोलत होत्या. "संतोष बेटा, आपा गई... सुबह, फजर के बाद. असर के बाद मिट्टी है, खुलताबादमें." मी "येतो" एवढंच म्हणालो. हातातला चहा तसाच टाकला आणि गेटपास घेऊन निघालो.

खुलताबादला दुपारच्या नमाजानंतरच्या दफनाला मी मागं, कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. तरी बाईंच्या भाच्यानं मला हेरलं आणि चार माणसांसमोर नेलं. "ये संतोषभाई. खाला की आवाज रिकॉर्ड करते थे." त्या माणसांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता. या गोष्टीला आता सव्वा महिना होत आला. त्या दिवशी जे कुणालाच सांगता आलं नाही, ते आज लिहायला बसलोय.

बाई माझ्या सातवीच्या मराठीच्या. आमचं गाव वेरूळच्या रस्त्याला. तिथनं आम्ही पोरं खुलताबादच्या शाळेत यायचो. बाईंच्या घरी दखनी बोलली जायची, पण मराठी अशी नितळ की आमच्या घरातल्या कुणाची नव्हती. आम्ही 'व्हय' अन् 'नाय' म्हणायचो. त्यावर त्या कधी हसल्या नाहीत. "घरी व्हय म्हण, कागदावर होय लिही," एवढंच सांगायच्या. शेजारच्या वर्गात गुरुजी छडी आपटून शिकवायचे, त्यांचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. आणि इकडं बाई धडा उघडून, दोन माणसांत बोलावं तेवढ्या आवाजात वाचायला लागायच्या. साठ पोरांचा वर्ग, पण गप्प बसावं लागायचं, नाहीतर पुढं काय झालं ते कळलंच नसतं. एखाद्या वाक्याआधी त्या जरा थांबायच्या... तेव्हा मागच्या बाकावरच्या आमचाही श्वास थांबायचा. मला वाचनाची गोडी लागली ती तिथं.

पुढं मी डिप्लोमा केला, कंपनीत क्वालिटी विभागात लागलो, सिडकोत घर झालं. चाळिशीत नवा छंद लागला. माडीवरच्या अडगळीच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकल्या, एक माइक आणला आणि दृष्टिहीन मुलांच्या वसतिगृहासाठी गोष्टी रेकॉर्ड करायला लागलो. माइकमधून येणारा आवाज फार बारीक असतो. तो रेकॉर्ड होण्याजोगा मोठा करायला एक पेटी लागते. तिला प्रीअँप म्हणतात. ती निवडायला मी सहा महिने घालवले. बायको, वर्षा, थट्टा करायची की सोयरीक जुळवताना आमच्याकडच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. मी एक वहीच केली होती. कुठल्या पेटीला किती बटणं, कुणी काय मत दिलं, कुणाचा व्हिडिओ काय म्हणतो. आमच्या गल्लीतला दिलीप लग्नाकार्यात साउंड लावतो. त्यानं वही चाळली आणि म्हणाला, "भाऊ, लायटी नका बघू. तुमचा माइक लई सुस्त आहे, त्याला जोर लागतो. पेटी जोर किती देती अन् तेवढा दिल्यावर स्वतः गप्प राहती का, तेवढंच बघा." मी मनात म्हटलं, मंडपात भोंगे लावणाऱ्याला यातलं काय कळतंय. आणि जिच्यावर निळे दिवे होते, दोन काटे डुलत होते, ती पेटी मागवली.

बाई पुन्हा भेटल्या त्या औरंगपुऱ्यात, भाजी घेताना. निवृत्त होऊन त्या रोशन गेटला फरीदाआपांकडं राहायला आल्या होत्या. मी मोठ्या फुशारकीनं स्टुडिओचं सांगितलं. त्यांनी मेथीची जुडी पिशवीत ठेवली आणि जरा संकोचून विचारलं, "मी वाचू का रे? शाळा सुटल्यापासून कुणाला वाचून दाखवलं नाही. संध्याकाळी फरीदाला पेपर वाचते, तिला दिसत नाही नीट. तेवढंच." आपल्या बाई आपल्याकडं मागणं मागताहेत, याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

पहिल्या रविवारी त्या रिक्षानं आल्या. इस्त्रीची साडी, पर्समध्ये चष्म्याची दोन घरं. विहिरीतल्या कासवाची एक गोष्ट वाचली. अगदी तशीच, सातवीच्या वर्गात वाचायच्या तशी. दाराशी उभी असलेली वर्षा हातातलं पातेलं विसरून ऐकत राहिली. पण रेकॉर्डिंग लावून बघितलं तर बाईंचा आवाज दूर कुठंतरी, आणि त्याच्यावर सतत सूं... असा आवाज पसरलेला. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. बाईंचा आवाज मोठा झाला, पण तो सूं आवाजही तेवढाच मोठा झाला. वसतिगृहानं फाइल परत पाठवली, मुलांना शब्द लागत नव्हते.

"बाई, जरा मोठ्यानं वाचा," मी दुसऱ्या रविवारी म्हणालो. तिसऱ्या रविवारी "अजून मोठ्यानं" म्हणालो. त्यांनी प्रयत्न केला. वाक्याच्या शेवटी त्यांचा श्वास संपायचा, मध्येच खोकला यायचा, आणि त्या "सॉरी बेटा, फिरसे घेऊ" म्हणायच्या. चौथ्या रविवारी तर त्या जवळजवळ ओरडून वाचत होत्या. गोष्टीतलं थांबणं गेलं, हसू गेलं. सूं मात्र होताच. तेव्हा मी वैतागून ते वाक्य बोललो. "बाई, तुमच्या आवाजात आता दम राहिला नाही. मी नाही म्हणत, काटा म्हणतोय. मशीन खोटं बोलत नाही."

त्यांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवला. "बरोबर आहे. वय झालं की रे," म्हणाल्या. चहा घेतला, वर्षाला भाजणीचं प्रमाण सांगितलं. जिना उतरताना एका कॉलेजातल्या मुलीचं नावही सुचवलं, "तिचा आवाज खणखणीत आहे, तिला बोलाव." मी त्यांना थांबवलं नाही. उलट एक अवघड काम आपोआप मिटलं म्हणून मला हायसंच वाटलं.

कंपनीत एखादा भाग मापात बसला नाही तर आम्ही आधी मोजायचं साधन तपासतो. नवीन लागलेल्यांना पहिल्या आठवड्यात मी स्वतः हे शिकवतो. पण घरी मला ते सुचलं नाही. सुचलं नाही हेही पूर्ण खरं नाही. ती पेटी चूक निघाली असती तर माझी वही, माझे सहा महिने, दिलीपसमोर मारलेली ऐट, सगळंच चूक निघालं असतं. त्यापेक्षा सत्तरीतल्या बाईंचा आवाज चूक ठरवणं सोपं होतं.

तीन महिन्यांनी दिलीप त्याचा एक माइक तपासायला वर आला. सोबत त्याची स्वतःची जुनी प्रीअँप होती, काळी, पत्र्याची, ना दिवा ना काटा. त्यानं माझा माइक तिला जोडला आणि वर्षाला म्हणाला, "वहिनी, कायबी वाचा. हळूच वाचा." वर्षानं औषधाच्या बाटलीवरची सूचना पुटपुटत वाचली. हेडफोनमध्ये शब्दन् शब्द आला. मागं काही नाही. निव्वळ शांतता. वर्षानं माझ्याकडं बघितलं. "मग बाईंचं काय हो?" मी म्हणालो, "सांगतो त्यांना." दुसऱ्याच आठवड्यात मी तशी पेटी आणली. बाईंना सांगितलं नाही.

आज सांगू, उद्या सांगू. फोनवर नको, समोर भेटून सांगू. मग इतके दिवस का नाही सांगितलं असं विचारतील, म्हणून आणखी थोडं थांबू... ईदला मी मुबारक म्हणायला फोन केला तर त्यांनीच विचारलं, "स्टुडिओ कसा चाललाय?"

"चांगला चाललाय, बाई."

"आवाज साफ येतो आता?"

"येतो."

"चलो, अच्छा हुआ. चांगली माणसं मिळाली तुला," त्या म्हणाल्या. खरंच आनंदानं म्हणाल्या. माझ्या जिभेवर आलं होतं, बाई, माणसं नाही, पेटी बदलली. तेवढं एक वाक्य. पण मी शीरखुर्म्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्यानंतरही त्यांचे फोन येत राहिले, दर वेळी तो विषय येईल म्हणून मी आधी दोन-तीन रिंग जाऊ देत राहिलो.

गेल्या रविवारी सकाळी मी रोशन गेटला गेलो. फरीदाआपा पलंगावर बसल्या होत्या, डोळ्यांना जाड चष्मा. मी खाली सतरंजीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पेटी, दिवे, ते वाक्य, ईदचा फोन. काही वगळलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तेरेकू मालूम नहीं, वो रोज सुबह गच्ची पे जाती थी. टाकी के पास खडी रहके पेपर जोर जोर से पढती थी. मैं बोली, क्या कर रई आपा? बोली, प्रॅक्टिस. संतोषकू अगले इतवार सुनाती." घसा सुजला, डॉक्टरनं बोलणं बंद करायला सांगितलं, तरी चालूच होतं म्हणे. आणि चौथ्या रविवारनंतर एकदम थांबलं. संध्याकाळचं पेपर वाचणंही. "मैं बोली, आपा, मेरेकू तो साफ सुनाई देता. बोली, नक्को... तू मेरी बहन है, झूट बोलती. मशीन झूट नहीं बोलती."

मी मान खाली घातली. सतरंजीची वीण दिसत राहिली. त्यांनी ना रागावून काही म्हटलं, ना माफ केलं म्हणून सांगितलं. थोड्या वेळानं विचारलं, "उसकी आवाज है ना तेरे पास? हमारे पास तो कुछ नहीं है. सुना."

माझ्याकडं एकच फाइल होती. पहिल्या तीन रविवारच्या फाइली बिघडलेल्या म्हणून मी तेव्हाच पुसून टाकल्या होत्या. चौथी तेवढी मला बरी वाटली होती, काटा जरा वर गेला होता म्हणून. मी मोबाइल त्यांच्या कानाजवळ धरला. सूं... आणि त्यातून बाईंचा ताणलेला, उंच चढवलेला आवाज. कासवाची गोष्ट. एक वाक्य, दुसरं, मग खोकला. फरीदाआपा डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हातानं मोबाइल बाजूला सारला.

"ये आपा नहीं है, बेटा," त्या म्हणाल्या. "दूसरी लगा."