वाघाच्या नावावर

माझी माय नव्वदीला टेकून गेली. स्मशानात लाकडं रचतानासुद्धा लोक एकमेकांना तेच सांगत होते, की ही बाई वाघाच्या तोंडातून परत आली होती. आमचं गाव जंगलाला लागून, सिंदेवाहीच्या बाजूला. तिथे तिला सगळे ‘वाघवाली बाई’ म्हणत. डावा कान नव्हता आणि कानाच्या जागेपासून मानेपर्यंत दोरीसारखा जाड वण होता. मी ऐकत उभी राहिले. वाघ नव्हताच. तो माझा बाप होता.

मी तेव्हा आठ वर्षांची. बाप सकाळपासून मोहाची पीत बसला होता आणि मधून मधून लाकडं फोडत होता. धान कापायला आलं होतं, तरी हा अंगणातून हलेना. दुपारी मायने दारूचं मडकं उचललं आणि गोठ्यात ओतून दिलं. त्याच्या हातात कुऱ्हाड होतीच. तिने मान वळवली म्हणून गळा वाचला. कान शेणात पडला. एक कोंबडी तिकडे धावली आणि मी तिला दगड मारला. तो दगड बापाला मारायला हवा होता, हे मला फार उशिरा सुचलं.

मायने लुगड्याचा बोळा करून मानेवर दाबला. रक्त कोपरावरून गळत होतं आणि ती मला म्हणाली, "कोनं बी इचारलं त वाघ सांगजो. याले पोलिसानं नेलं त धान कोन कापंल?"

तिला बैलबंडीत घालून तालुक्याला नेलं. बंडी माझा बापच हाकत होता. वाटेत भेटेल त्याला तो वाघाचं वर्णन सांगत होता, आणि गावी परतेपर्यंत तो वाघ चांगलाच मोठा झाला होता.

दोन दिवसांनी जंगलाचा नाकेदार चौकशीला आला. नाल्याच्या रेतीत त्याने पंजा शोधला, सापडला नाही. परत येऊन मला म्हणाला, "वाघाचं नख लागलं त तीन-चार रेघा येते, बेटा. इथी त एकच हाये, सरळ. तू होती ना? काय होतं?"

"वाघ," मी म्हणाले.

त्याने वही मिटली. बापाने दिलेला चहा प्यायला आणि गेला. त्याला सगळं कळलं होतं. पण कळून कोणाचं काय वाकडं झालंय?

वाकडं झालं ते वाघिणीचं. आमच्या जंगलात एक वाघीण फिरत होती. तिने तोवर गाईगुरांपलीकडे कशाला हात लावला नव्हता. पण आता ती माणसावर आली, असं गावात ठरलं. तिने मारलेल्या गाईवर माणसांनी विष टाकलं. त्यांच्यात पुढे माझा बाप. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर फाशीचा दोर चोरानेच वळला. तिसऱ्या दिवशी ती नाल्याच्या पाण्यात तोंड घालून मेलेली सापडली. तोंडाला फेस होता आणि पंजांनी सगळा काठ उकरला होता. पोटात पिल्लं होती.

डोक्याला पट्टी बांधलेली माय तिथवर चालत गेली आणि वाघिणीच्या पाठीवर हात ठेवून बसली. लोकांना वाटलं नमस्कार करते आहे. मी शेजारी होते. ती म्हणत होती, "माफ कर मले, बाई."

आमच्याकडे रीत आहे. ज्याला वाघाने सोडलं, त्याने वाघदेवाला दर साली कोंबडा द्यायचा. मायने तो जन्मभर दिला. गावाबाहेर शेंदूर लावलेल्या दगडापुढे ती स्वतः कापायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. रस्सा झाला की तंगडी बापाला.

बापाने पुढे एकदाच हात उगारला. तेव्हा मायने चुलीवरचा गंज, उकळत्या आंबिलीचं भरलं पातेलं, त्याच्या पायावर उलटा केला. लोकांना सांगितलं, हातातून निसटला. तो सहा महिने लंगडला आणि नंतर मरेपर्यंत तिच्याशी अदबीने वागला. मला अजूनही त्या गंजाचा आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

नातवंडांचा मात्र तिच्यावर फार जीव. रोज वाघाची गोष्ट हवी. ती गुरगुरायची, त्यांच्या मानेला चावायची, पोरं किंचाळून तिच्याच कुशीत शिरायची. माझ्या मुलीने शाळेत वाघाशी लढलेल्या आजीवर निबंध लिहिला होता. गुरुजींनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला.

तीच मुलगी लग्नानंतर दोन वर्षांनी बल्लारपूरहून आली, मनगटाला प्लास्टर. गाडीवरून पडली म्हणाली. गळ्यावर चार बोटं उमटली होती. गाडीला बोटं नसतात, हे मला कळत होतं. तरी मी तिच्यासाठी धान कांडून आणलं, लोणचं भरलं आणि म्हटलं, "जमवून घे, पोरी. सगळीकडे असंच असते."

दुसऱ्या दिवशी जावई पेढे घेऊन न्यायला आला. मुलीने पिशवी उचलली. अंगणात खाटेवर पडलेल्या मायने तिला हाक मारली, तिचा चांगला हात धरला आणि मानेवरच्या वणावर ठेवला.

"वाघ नोयता," माय म्हणाली. "तुह्या आज्यानं कुऱ्हाड मारली. मी वाघाचं नाव सांगतलं, अन् लोकायनं त्या बिचारीले मारून टाकलं. पोटुशी होती. तू नको जाऊ."

ज्या गोष्टीवर ती जन्मभर गावात ताठ मानेने वावरली, ती तिने अशी जावयासमोर फोडून टाकली. जावई हसला. म्हणाला, "बुढीचं डोस्कं फिरलं." मायने उशाची काठी उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणली. त्याने काठी हिसकावली आणि तिच्यावरच उगारली. नव्वदीच्या बाईवर. माझ्या मुलीने प्लास्टरचा हात त्याच्या तोंडावर घातला. पेढे मातीत सांडले. त्याच्या नाकातून रक्त आलं, तिचं प्लास्टर तडकलं आणि ती वेदनेने खाली बसली.

तो शिव्या देत गाडी काढून एकटाच गेला.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "आई, तुले माईत होतं?"

"मी तवा आठ वर्साची होती, बाई."

"अन् काल?" तिने विचारलं. "काल किती वर्साची होती?"