गोदावरीबाईंची मोडलेली घडी

तुळशीपुढं दिवा लावून लिहायला बसले आहे, तेव्हा खोटं गोड लिहिणार नाही. माझी नणंद गोदावरीबाई तोंडानं फार वाईट. मी एकोडीत नवी नवरी होऊन आले, त्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "हे लाकूड कोठून आणलं बे? वाकत तं नाही." तेव्हापासून आमचं पटलं नाही.

पण घडी तिच्यासारखी कोणाचीच नव्हती. पूर्वी आपले कोष्टी राजवाड्यावर लुगडी पाठवत, तेव्हा पेटीत लुगड्यांवर एक बाई अंगाची घडी करून बसवत. चोरानं झाकण उघडलं की डोक्यावर टाचा घेतलेली बाई त्याच्या अंगावर उलगडायची. तेव्हापासून प्रत्येक लग्नात नवरीच्या आधी पेटीतून घडीकरीण मांडवात येते. विहिणीनं झाकणाला हळद लावून "उलगड" म्हटलं की तिनं बाहेर यायचं, मग नवरीनं बोहल्यावर चढायचं. न सांगता उलगडली तर तिची घडी मोडली. पुन्हा कोणी तिला पेटीत बसवत नाही. नवऱ्यानं टाकलेल्या गोदावरीबाईला गावात जो मान होता, तो या पेटीचाच.

माझ्या तेजस्विनीच्या लग्नात तीच बसली. यांनी बोलावलं म्हणून आली, माझ्याकडे पाहिलंही नाही.

आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि नवरा मुलगा गोंदियाकडचा. विहीण ताराबाईंनी झाकण उचललं अन् तोंड वाकडं केलं.

"हे कोणती घडी? पाय मागून डोक्यावर? आमच्या जिल्ह्यात पाय समोरून घेतात."

"अवो विहीणबाई, कालपरवा तं एकच जिल्हा होता," हे म्हणाले. "तुमच्या लग्नात कोणती घडी होती?"

"तवाचं सोडा. आता जिल्हा वेगळा, घडी वेगळी. बदलाले सांगा तिले."

पेटीतून आवाज आला, "भाऊ, त्या बाईले म्हण, पयले आपल्या जिभेची घडी कर."

ताराबाईंनी झाकण आदळलं. "बसून राहा म्हणा आता! म्या काही उलगड म्हणत नाही."

मुहूर्त जवळ आला. भटजी घड्याळ पाहू लागले. मी ताराबाईंचे पाय धरायला वाकले, त्यांनी पाय मागं घेतले. मग पेटीजवळ बसून म्हटलं, "बाई, बदला ना घडी. आजच्यापुरती."

"तू चूप राह्य, लाकडा! समोरून तं लहान लेकरंबी वाकतात."

"मुहूर्त चालला, बाई."

मग पेटीतून हळूच, "पोरगी रडून राहिली काय?"

"हो."

झाकण धाडकन उघडलं. कोणी काही म्हटलं नव्हतं. आधी एक टाच खाली आली, मग दुसरी, मग गोदावरीबाई ताराबाईंसमोर ताठ उभी राहिली. "मोडली माही घडी. ने आता सून." आणि मागं न पाहता मांडवाबाहेर गेली.

त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही. ताराबाई साकोलीच्या बसस्टँडवर भेटल्या की अजून हसतात, "तुमच्याकडची घडी कच्चीच!"

लग्नानंतर मी नारळ घेऊन तिच्या दारी गेले. तिनं आत ये म्हटलं नाही.

"तुह्यासाठी नाही केलं म्या. नारळ देवाले फोड."

देवाला फोडला. त्यातली एक वाटी प्रसाद म्हणून तिला नेऊन दिली. तिनं ती माझ्यादेखत कोंबड्यांपुढं टाकली.