आपला भोंगा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. वहिनीला सांगायचं म्हणून कितीदा तिच्याजवळ जाऊन बसले आणि मेथी निवडून उठले. आता वहिनी नाही, शकूही नाही. तुम्ही माझे नात्याचे ना गोत्याचे, तुमच्यापाशी तरी जीभ रेटते का बघते.

शकू माझ्या थोरल्या भावाची मुलगी. नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी, बेलापूरजवळच्या वस्तीवर येऊन राहिले, त्याच साली ती जन्मली. तिला दूधसुद्धा ओढता येत नव्हतं, कापसाच्या बोळ्यानं पाजावं लागे. आणि तीनेक वर्षांची झाली तशी तिला जी भूक लागली — ती पुन्हा शमलीच नाही. खादाडपणा नव्हे तो. कच्चं पीठ खाई, म्हशीपुढची पेंड खाई, आणि जेवून हात धुतानाही ताटाकडे अशी बघे, जणू हिला अजून कुणी वाढलंच नाही. नगरच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, हा दोष ती पोटातून घेऊनच आलीय. पोट भरल्याचं हिच्या डोक्याला कळतच नाही. औषध नाही. ठरल्या वेळी बेताचं द्या, बाकीचं कुलपात ठेवा, नाहीतर ती खाऊन खाऊनच जाईल.

भाकरी कुलपात ठेवायच्या पेटीची किल्ली माझ्या गळ्यात आली. मी मुळातच कडक, घरातलं मांजरसुद्धा मला बिचकून असे. घड्याळ आमच्याकडे नव्हतं, पण साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येई. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा — हे आपले. वाजला की खायचं, तोवर नाही. मध्यरात्रीचा मात्र कामगारांचा. त्यानं ती उठून बसायची. मी म्हणायची, "ह्यो आपला न्हाई, शके," की पुन्हा आडवी व्हायची.

अशी भूक तुम्ही कधी जवळून पाहिलीय? मला तिची भीती वाटे. आणि भीतीपेक्षाही — कसं सांगू — त्या पोरीपुढे हात जोडावेसे वाटत. सात वर्षांची शकू उंबऱ्यावर बसायची, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून, म्हणजे ते कुठे जायला नकोत. पोटात आग, आणि कान कारखान्याकडे. जिचं पोट कधीच पुरे म्हणत नाही, तिनं दुसऱ्याच्या शब्दावर थांबायचं — हे केवढं मोठं आहे? मला जमलं असतं?

मला नाही जमलं. तेच तर सांगायचंय.

बाहत्तरच्या दुष्काळात दादा आणि वहिनी खडी फोडायला जात. रेशनवर तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळे, त्याच्या भाकरी थापून, वाटण्या करून वहिनी निघायची. शकूचे दोन चतकोर पेटीत, एक दुपारचा, एक संध्याकाळचा. एका दुपारी — शकू अंगणात होती — मी पेटी उघडली. कशाला? भाकरी वाळली का बघायला, असं तेव्हा मनाशी म्हटलं. मिलोच्या भाकरीला पापुद्रा कसला येतोय, पण त्या दिवशी आला होता. मी तो सोलून तोंडात टाकला. मग तो दुपारचा चतकोर उघडावाघडा दिसायला लागला. उभ्याउभ्या तोही खाल्ला, वर बोटाला लागलेली चटणी चाटली.

आणि भोंगा झाला.

शकू आली. ओंजळ पुढे करून उभी राहिली. मी म्हणाले, "ह्यो आपला न्हाई. आपला व्हायचाय अजून."

एरवी ती लोळण घ्यायची, स्वतःच्या हाताला चावायची. मी तयारीत होते. खरं तर तिनं तसं करावं, मला खोटं पाडावं, असं मला वाटत होतं. तिनं फक्त माझ्या तोंडाकडे पाहिलं. ऊन डोक्यावर होतं. पोटानं तिला खरं सांगितलं होतं, भोंग्यानंही सांगितलं होतं — आणि पोरीनं माझं मानलं. वळली, उंबऱ्यावर बसली, हात मांड्यांखाली घातले.

सारी दुपार ती तशीच होती. मी आत सारवत बसले. संध्याकाळचा भोंगा वाजला तरी ती जागची हलली नाही. नुसतं विचारलं, "आत्या, ह्यो तरी आपला हाय का?"

मी तिला तिचा संध्याकाळचा चतकोर दिला. तेवढाच. माझ्या वाटणीची भाकरी मी खाल्ली.

त्या दिवसापासून भोंग्यावर ती आपण होऊन कधी आली नाही. आधी मला विचारायची. दुष्काळ सरला, घरात ज्वारी आली, शकू मोठी झाली, तरी तिचं विचारणं थांबलं नाही. वहिनी कौतुकानं आल्यागेल्याला सांगायची, "माजी पोर आत्याला इचारल्याबिगर घास घेत न्हाई. आत्यामुळं जगली ती." मी पदर सावरून चहाचं बघायला उठायची.

शेवटच्या आजारात शकूला बोलवत नव्हतं. मी पेजेची वाटी घेऊन उशाशी बसले होते. दुपारचा भोंगा झाला. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि थांबली.

मी म्हणाले, "आपला हाय."

मग तिनं तोंड उघडलं.