दुसऱ्या हाकेची

पोस्टमनने पाकीट आणलं तो मंगळवार होता. पाकीट दिल्लीहून आलं होतं. आत एक पान होतं. नवऱ्याकडे कॅनडात राहायला जाण्यासाठी शेजारच्या वहिनीने केलेला अर्ज नामंजूर झाला होता.

पोस्टमनने पहिल्यांदा हाक मारली तेव्हा ती आली नाही. ती घरातच होती. शिलाई मशीन थांबल्याचं मला माझ्या ओट्यावर कळलं. दुसऱ्या हाकेला ती पदराला हात पुसत दारात आली. पहिल्या हाकेला ओ द्यायची तिची रीतच नव्हती. भाजीवाली तर पाठोपाठ दोनदा ओरडायची आणि म्हणायची, "एक तुमच्या भुताले, एक तुमाले." वहिनी हसून गवार निवडायला बसायची. तुमच्याही गल्लीत असं कोणी असेल. आपण त्याला लकब म्हणतो आणि कारण विचारत नाही.

तिची नावं तीन होती. एक माहेरचं, एक शाळेतलं, एक लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलेलं. इथे मी एकही लिहीत नाही, ते का हे पुढे कळेल. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला ताई. मी जळगावच्या एका वाचनालयात नोकरीला होते. गल्लीतल्या लोकांचे अर्ज मी लिहून देत असे, तिचाही मीच भरला होता. लग्नानंतर दीड महिन्याने नवरा परत गेला होता. तिकडे तो एका कारखान्यात फिटर होता. त्याची निळी पत्रं ती मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी ठेवायची.

ते पान मी तिला वाचून दाखवलं. अर्जदाराची ओळख पटत नाही, असं त्यात होतं. जोडलेल्या जन्माच्या उताऱ्यातली मुलगी दोन वर्षांची असताना वारली आहे. उताराही परत पाठवला होता. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात 'मयत' असा शब्द होता, पुढे तारीख.

पाकिटात घालण्याआधी तो उतारा मी दोनदा वाचला होता. तो रकाना मला कोरा आठवतो. माझ्या नजरेतून सुटलं असेल. माझी सारी नोकरी पुस्तकांच्या याद्या तपासण्यात गेली आणि नजरेतून फारसं सुटत नसे, एवढंच सांगते.

"ती मी नाहीच, ताई," ती म्हणाली. "ती मोठी."

"मग तुमचा उतारा?"

"माझा काढलाच नाही कोणी." घरात मीठ संपलंय हे सांगावं तशा आवाजात ती बोलली.

तिच्या आधी एक बहीण झाली होती. ती दोन वर्षांची होऊन गेली. मग ही जन्मली, तेव्हा आईने तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे शेजारणीने उचलून परत आणून दिलं. म्हणजे हे पोर या घरचं नव्हे, सापडलेलं. न्यायला येणाऱ्याने इथे शोधू नये. नावही कोणी जवळ करू नये असं ठेवलं. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीत तिची नोंद आईने करू दिली नाही. पुढे शाळेत मास्तरांनी जन्माचा दाखला मागितला. घरात एकच कागद होता, तो बापाने नेऊन दिला. तेव्हापासून शाळेत ती मोठीचं नाव आणि मोठीची तारीख वागवत होती. पासपोर्टही त्याच दाखल्यावर निघाला होता.

"म्हणून पहिली हाक तिची," ती म्हणाली. "आईनं लहानपणीच शिकवलंय. दुसऱ्यांदा बोलावलं तर आपल्याला."

यावलच्या वकिलांनी मार्ग सांगितला. आईने प्रतिज्ञापत्र करून द्यायचं की मला दुसरी मुलगी झाली, ती हीच. त्यावर कोर्ट उशिराची जन्मनोंद करायचा हुकूम देईल. मग नवा अर्ज करता येईल. एवढं झालं असतं तर ती नवऱ्याकडे जाऊ शकत होती. दुसरा मार्ग नव्हता, कारण बाप वारला होता आणि ती शेजारीणही.

आईला घ्यायला आम्ही दोघी तिच्या गावी गेलो. घर केळीच्या बागेला लागून होतं, भर दुपारी आत हिरवट अंधार. आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. आई मागच्या दारी होती. तिने हाक मारली, अगदी हळू, झोपलेल्याला जागं करू नये अशी. मग थांबली. आतल्या खोलीत कोणीतरी पाय उचलल्याचा आवाज मी ऐकला. वहिनी माझ्या शेजारी बसली होती. घरात चौथं माणूस नव्हतं. मग दुसरी हाक आली, खणखणीत, आणि वहिनी "ओ" म्हणून उठली.

आईला सगळं सांगितलं. तिने चहा दिला आणि म्हणाली, "मोठीचं नाव वहीत लिहेल व्हतं. वही वाचूनच तिले नेलं. हिचं कशाले लिहू?"

"आई, मला तिकडे जायचंय," वहिनी म्हणाली.

आईने कप गोळा केले. मग लुगडं नीट केलं आणि आमच्याबरोबर बसमध्ये बसली.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली वकिलांचं टेबल होतं. त्यांनी कागद वाचून दाखवला आणि शाईचं पॅड पुढे केलं. "आजी, पोरगी इतकी चांगली लपवली की सरकारलाही सापडेना."

"सरकारपासून नही लपवली, भाऊ," आई म्हणाली.

वकील हसायचे थांबले.

आईने अंगठा शाईला लावला. कागदाच्या बोटभर वर तो हात थांबला आणि तिथेच राहिला. आई कागदाकडे पाहतच नव्हती. ती माझ्या मागे, लिंबाच्या बुंध्याकडे पाहत होती. मी वळून पाहिलं नाही.

मग वहिनीने तो हात धरला, आपल्या पदराने अंगठा पुसला. एकेक रेघ पुसावी तसा पुसला. "राहू द्या, वकीलसाहेब."

परतीच्या बसमध्ये मी तिला कारण विचारलं. तापीच्या पुलावर तिने सांगितलं, "मी गेले आणि तिकडे मला साधा ताप आला, तरी आई म्हणेल, मी अंगठा दिला म्हणून. मला उकिरड्यावर ठेवलं तेव्हा ती ओली बाळंतीण होती, ताई. तशीच उभी राहिली होती आडोशाला." मग म्हणाली, "त्यांना लिहा, कागद मिळाले नाहीत."

मी तसं लिहिलं. त्यांची उत्तरं आधी लवकर आली, मग उशिरा, मग दिवाळीला एक. ती ब्लाउज शिवत राहिली. पदरावरचा तो निळा डाग गेला नाही. कधी सुईत दोरा ओवताना मधेच म्हणायची, "मोठी असती तर गेली असती, नाही?" मी हो म्हणायचे.

काही वर्षांनी तिला कावीळ झाली. आईकडे गेली, ती परत आली नाही. मी पोचले तेव्हा आई मागच्या दारी बसली होती.

"लिहू दिलं नही, तरी गेली," ती म्हणाली. मग म्हणाली, "परवा पेज द्याले हाक मारली. पहिल्या हाकेलेच ओ दिली तिनं. मले तवाच समजलं."

मृत्यूची नोंद करायला मीच आईबरोबर ग्रामसेवकाकडे गेले. त्याने मयताचं नाव विचारलं. आईने उकिरड्यावरचं नाव सांगितलं. त्याने दोनदा विचारून लिहिलं. पॅड पुढे आलं, तेव्हा आईने अंगठा लगेच टेकवला.

"आता कोनापासून लपवू, पोरी?" ती मला म्हणाली.

त्या गावच्या वह्यांत त्या घरातल्या मुलींचे दोन मृत्यू आहेत. जन्म एकच आहे.